तळातून आलेला फोन

‘ते टिकटिक करणारं यंत्र जरा गप्प करायला सांग,’ प्रेमानंद मायाला म्हणाले. ‘प्रशिकला फोनवर ऐकू गेलं तर संपलंच.’

मायाने नर्सला बोलावलं. नर्सने यंत्राचा आवाज बंद केला. आठवडाभर बापलेकीचं हेच चाललं होतं. हृदयाचं ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी प्रेमानंदांनी निक्षून सांगितलं होतं, ‘पोराला कळवलंस तर मी त्या टेबलावर चढणारच नाही.’ हट्टाला पेटला की हा माणूस कुणाचं ऐकत नसे. डॉक्टरांनीही हात टेकले. ‘त्यांचं मन शांत राहू दे, निम्मं काम तिथंच होतं,’ एवढंच ते मायाला म्हणाले होते.

शेजारच्या खाटेवर दाजीबानपेठेतले कापडवाले भरमाण्णा होते. ‘एवढं काय काम करतो हो मुलगा?’ त्यांनी विचारलं.

हे कुणीतरी विचारावं म्हणून प्रेमानंद टपलेलेच असत. रेल्वेच्या वर्कशॉपात वेल्डिंग करण्यात उभा जन्म गेला, पण त्याबद्दल कधी चकार शब्द नाही. पोराचं नाव काढा, की तोंडाचा पट्टा सुरू.

‘समुद्राच्या तळाला पाइप जोडतोय की. जहाज केवढं म्हणताय? आमची केशवापूरची अख्खी गल्ली मावेल. वर हेलिकॉप्टर उतरतंय, मधे ही भली मोठी क्रेन. नांगर टाकत नाहीत, तरी जागचं हलत नाही. का, तर खाली आमची पोरं असतात.’

‘होय काय? मग संध्याकाळी वर येत्यात काय?’

‘छे हो. जहाजावर पोलादाची एक खोली आहे. तळाशी जेवढा दाब, तेवढाच त्या खोलीत. महिनाभर तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं. कामाला बंद डब्यातून खाली सोडतात, काम झालं की परत खोलीत. मधेच दार उघडलं तर माणूस हाती लागत नाही. दाब उतरवायलाच पाच-सहा दिवस जातात.’ प्रेमानंदांनी दम घेतला. ‘म्हणून तर सांगत नाही त्याला. कळलं तर आत बसून जीव टांगणीला. आणि आमच्यात काम अर्धं टाकून उठत नाहीत, भरमाण्णा.’

‘पोरगा वाघ आहे हो तुमचा.’

‘आहेच. फक्त फोनवर बोलला तर हसू नका. आत हवेऐवजी हलका गॅस असतो. त्यानं आवाज बदकासारखा येतो.’

माया बाहेर जाऊन आली आणि लगेच फोन वाजला.

‘जय भीम, अप्पा.’ तोच चिरका आवाज. भरमाण्णांनी तोंडावर चादर ओढली.

‘जय भीम. काम कसं काय?’

‘झकास. मोठा सांधा बसला.’ मग श्वास ओढल्याचा आवाज. ‘तुम्ही काय करालाय?’

‘मी? तळ्यावर फिरून आलो आत्ताच. माया चहा करालीय.’ धडधडीत खोटं, पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

आज पोरगं दोन शब्द बोलून थांबत होतं. मागची नेहमीची सूंसूंही नव्हती. दमला असेल, प्रेमानंदांना वाटलं.

‘अप्पा, मला तुम्हाला एक...’

फोन तुटला.

‘जहाजाची लाइन अशीच,’ ते म्हणाले. ‘परत करेल.’

पण तेवढ्यात ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर आला. इतके दिवस छाती काढून बोलणारे प्रेमानंद पहिल्यांदा घाबरले. मरणाचं काही नाही, पण पोराशी शेवटचं बोलणं असं अर्धवट राहू नये, एवढंच त्यांना वाटत होतं. त्यांनी फोन हातातून सोडला नाही. माया शेजारून चालू लागली.

पुढची लिफ्ट बंद पडली होती. वॉर्डबॉयने स्ट्रेचर मागच्या लिफ्टकडे वळवला.

‘इकडून नको. जरा थांबा,’ माया घाईघाईने म्हणाली. पण स्ट्रेचर कोपऱ्यावरून वळलाही होता. हातातला फोन वाजला. प्रेमानंदांनी तो कानाला लावला.

समोर खिडकीशी एक रुंद खांद्यांचा तरुण पाठमोरा उभा होता. एका हातात फोन. दुसऱ्या हातात लहान मुलांच्या वाढदिवसाला आणतात तसला गॅसचा लाल फुगा. फुग्याचं तोंड ओठांत धरून त्याने भराभर श्वास ओढला.

‘अप्पा,’ प्रेमानंदांच्या कानात तोच चिरका आवाज आला, ‘माझी काळजी करू नका. काम पुरं झाल्याशिवाय मी इथनं हलत नाही.’

प्रेमानंदांनी मायाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. त्यांनी चेहरा भिंतीकडे वळवला, पोराने मागे पाहिलंच तरी आपले डोळे त्याला दिसू नयेत म्हणून.

‘हलू नकोस,’ ते म्हणाले. ‘खिडकीशीच उभा राहा, बाळा. मी आलोच.’