तांबीचं पहिलं अंडं

तांबी सकाळपासून कुरकुरत परसात फिरत होती. कोपऱ्यातल्या क्रेटात शिरायची, पिंजर उकरायची, पुन्हा बाहेर यायची. आठवड्याभरात तिचा तुरा लालभडक झाला होता. तलंगच ती, पहिल्यांदाच अंड्यावर आलेली कोंबडी. अंडं कुठं घालायचं, हे अजून तिचं ठरत नव्हतं.

राजवर्धन तिच्या मागं मागं. ती थांबली की थांबायचा, ती बसली की उकिडवा बसायचा. तीन वर्षांचा झाला, पण तोंडातून अजून एक शब्द नव्हता. त्याची आई क्रांती धुण्याच्या दगडाशी उभी राहून त्याच्याकडं बघत होती. हातातला पिळा कधीच निथळून गेला होता.

"आज घालतीय बघ," पायरीवर शेंगा फोडत आक्का म्हणाली. क्रांतीच्या सासूला सगळं घर आक्काच म्हणायचं.

"मग आता राहू दे की तिला, आक्का. अंडी देईल."

"अंडं घालू दे न्हायतर सोनं घालू दे. म्हसोबाची हाय ती. पोरगं बोललं, की त्याच दिवशी कापायची."

"दुसरी देऊ. ह्यांना सांगते बाजारातनं चांगली आणायला."

"हिच्या अंगावर हात ठेवून बोललोय मी. देवाला गंडवायचं व्हय?" आक्कानं पाय लांब केले. नवस बोलल्यापासून तिनं चप्पल घातली नव्हती. टाचांच्या भेगांत काळं बसलं होतं. "तुझी ती डॉक्टरीणबाई चित्रं दाखवतीय, तू दाखवतीयस. दाखवा की. मी कुठं नको म्हणतोय? माझ्याकडं चित्रं न्हाईत. माझ्याकडं म्हसोबा हाय."

डॉक्टरीणबाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. बॉल, मांजर, आई. आईचं कार्ड धरून क्रांती रोज स्वतःकडं बोट दाखवायची. राजवर्धन कार्डाची कड चावायचा.

कुकरची शिट्टी झाली. आक्का आत गेली.

तांबी पुन्हा क्रेटात बसली. या वेळी उठली नाही. पिसं फुलवली, मान ताठ केली. बराच वेळ गेला. मग अर्धवट उभी राहिली, अंग आवळलं, आणि पिंजरीत काहीतरी पडलं. ती स्वतःच दचकली. ओरडत, पंख फडफडवत सुटली आणि थेट कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसली. पलीकडं रस्ता.

"तांबे!"

स्वच्छ. कुणी कुणाला हाक मारावी तशी.

तांबीनं मान वळवली. भिंतीवरून उडी मारून ती त्याच्या पायाशी आली. राजवर्धन हसला.

क्रांतीच्या हातातला पिळा मातीत पडला. ती धावली आणि अर्ध्यातच थांबली. ही हाक आक्काच्या कानावर गेली, तर संध्याकाळपर्यंत त्या हाकेला ओ देणारी उरणार नव्हती. मग पुन्हा तो कुणाला हाक मारणार होता?

"कोण बोललं गं?" आक्का दारात उभी होती. हातात झारा.

"मी."

"तू?"

"भिंतीवर चढली होती. हाक मारली तिला."

आक्का झारा घेऊनच तापलेल्या फरशीवरून अनवाणी, भराभरा आली आणि नातवासमोर खाली बसली. "माझ्या सोन्या, तू बोललास व्हय? बोल की रं. एकदाच बोल आज्जीला."

क्रांतीनं दुसरीकडं बघितलं. राजवर्धन तांबीच्या पिसांवरून बोट फिरवत राहिला.

"मला वाटलं..." म्हणत आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. क्रेटात वाकून तिनं अंडं काढलं. सुपारीपेक्षा थोडं मोठं. कवचावर रक्ताची बारीक रेघ.

"रक्त आहे त्याला," क्रांती म्हणाली.

"पयल्याला असतंय." आक्कानं ते पदराला पुसलं आणि तिच्या हातात ठेवलं. "उकडून दे त्याला. आणि पुन्हा असा बारीक आवाज काढू नकोस, बाई. काळीज हललं माझं."

पाय चटचट उचलत ती आत गेली.

तांबी पेरूच्या झाडाकडं निघाली होती. राजवर्धन उठला. दोन पावलं तिच्या मागं गेला, थांबला, आणि त्यानं छातीभर श्वास घेतला.

क्रांतीनं त्याला मागून कवेत ओढलं आणि तोंडावर हात ठेवला. अलगद. एका हातात अंडं, अजून गरम. दुसऱ्या तळव्याखाली त्याचे ओठ हलले. एकदा. मग पुन्हा.