शेवटच्या रानाचा अध्यक्ष

कालव्याच्या एका चारीवर पाच गावं, अन् पाचांच्या पाणी समितीत कोणाचा कोणावर काडीचा भरवसा नव्हता. अध्यक्ष निवडताना मात्र सगळे एका सुरात ओरडले, "ख्वाजामियाँ!" त्यांचं रान चारीच्या पार शेवटाला होतं.

"तुमच्यापर्यंत पाणी कधी आलंच न्हाई, मंग तुम्ही चोरणार कुठून?" समितीतला राधाकिसन म्हणाला.

ख्वाजामियाँनी खुर्ची अशी गाजवली की विचारू नका. चोरून टाकलेले पाइप उपटले, वरच्या गावांना पाण्याची पाळी पाळायला लावली. कुंभार पिंपळगावच्या बाजारात चहाची पहिली कपबशी त्यांच्यापुढं येऊ लागली. अन् एका सकाळी पाणी थेट त्यांच्याच बांधाला येऊन भिडलं.

मियाँ लगबगीनं बांधावर गेले. त्यांनी फावडं उचललं अन् आपल्याच रानाचं तोंड चिखलानं बुजवायला घेतलं.

त्यांची बायको चाँदबी घरातून धावत आली. "अजी, काय करून राह्यले? जल्दी आत घ्या पाणी!"

"येडी का तू? रान भिजलं तर मला अध्यक्ष कोण ठेवीन?"

चाँदबीनं भेगाळलेल्या रानाकडं पाहिलं.

"बराबर हाय. मंग औंदा खुर्चीच पेरा."