निशीचे पान

कॉलेज स्ट्रीटवरील माझ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानी सुलताबौदी, म्हणजे सुलतावहिनी, भर दुपारी आल्या. त्यांची आठ वर्षांची मुलगी तिन्नी वैशाखात दम्याने निवर्तली, हे मला विदित होते. तिच्याकरिता माझ्याकडूनच नेलेली पुस्तके त्यांनी फळीवर मांडली. त्यांत लोककथा होत्या, थोरांची चरित्रे होती आणि एक भूतकथांचे पुस्तक होते.

"चरित्रांना गिऱ्हाईक नाही, बौदी. थोर व्हायची घाई हल्ली कोणाला नसते," त्यांचे मन किंचित हलके व्हावे या हेतूने मी बोललो. "भुतं मात्र संध्याकाळपर्यंत खपतील."

"खपवा, दादा. पण त्यातलं हे पान फाडून."

त्यांनी निशीच्या गोष्टीवर बोट ठेवले.

"पान गेलं की पुस्तकाची रद्दी होते. आणि ही गोष्ट तर आपल्या बंगालात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. निशीचं भूत रात्री घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं, पण हाक मारतं दोनदाच. तिसरी हाक आली तरच ओ द्यायची. माझी म्हातारी अजून तसंच करते."

"मीही केलं," रिकाम्या पिशवीची सावकाश घडी घालीत त्या म्हणाल्या. "तिन्नी त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपली होती. दोनदा 'मा' म्हणाली. मी जागी होते. तिसऱ्या हाकेची वाट बघत पडून राहिले."