देवराव सराफांचं काचेचं दार

इतवारीतल्या देवराव सराफांना दुकानाला काचेचं दार बसवायचं होतं, पण फुटण्याच्या धास्तीने मन धजत नव्हतं. शेवटी विलायती कंपनीचा एजंट नमुन्याची काच घेऊन आला आणि ती विटांवर आडवी ठेवून म्हणाला, "भट्टीत तापवून गार हवेच्या झोताने एकदम निववलेली आहे. हाणा हातोडा." देवरावांनी हाणला, काचेला काही झालं नाही. शेजारचा जाडजूड धान्यवाला तिच्यावर उभा राहिला, तरी ती शाबूत. देवराव खुशीत बायकोला म्हणाले, "तूही मारून पाह्य वं." देवकीबाईंनी अडकित्त्याने काचेच्या कडेवर टोला दिला आणि काचेचे खडीसाखरेएवढे तुकडे झाले. एजंटाने हसत मूठभर तुकडे उचलून दाखवले. "फुटली तरी अंगाला ओरखडा नाही. कारखान्यात हेच तपासतात." देवरावांचा जीव भांड्यात पडला. देवकीबाईंनी विचारलं, "म्हणजे चोराले बी लागणार नाही?" देवरावांनी सुताराला बोलावून लाकडी दार सांगितलं.