पांढरी खडी

अणुबॉम्बच्या चाचण्यांनी नासलेली माती खरवडून आपलं बेट स्वच्छ केलंय, असं भाच्यानं छातीठोकपणे सांगितलं, म्हणून लिरोक राजधानी माजुरोतलं बिऱ्हाड मोडून बेटावर परत आली. माती खरवडायचं मशीन त्यानंच चालवलं होतं. दारापुढे पसरलेली प्रवाळाची पांढरी खडी पाहून ती हरखली. परसातल्या नीरफणसाचं फळ तिनं निखाऱ्यांवर भाजलं, पहिला घास त्याच्यापुढे धरला. तो मागे सरला. “नको आत्या, पोट भरलंय.” “जन्माचा खादाड तू! खरं बोल.” “माती फक्त घराभोवतीची काढलीय,” तो पुटपुटला. “झाडांखालची तशीच आहे. बोटीनं तांदूळ येईल, तोच खा.” “हे आधी सांगायला काय झालं होतं?” “लोक परतल्याशिवाय साहेब आमचं काम पुरं मानत नाहीत.” लिरोकनं मूठभर खडी उचलली. “तुझ्या बापाच्या थडग्यावर, पुरल्यापासून सहाव्या दिवशी, रीतीप्रमाणे मीच खडी पसरली होती. माझ्यासाठी तू जिवंतपणीच पसरून ठेवलीस.”