मिरवणुकीमागचं दार

ल्युबेनने कॉफीत तिसरा चमचा साखर टाकली, तसं डॉक्टर स्पिरिडोननी तोंड फिरवलं. दातांच्या डॉक्टरला ते बघवेना.

"एका वाक्यासाठी सोफियाहून आलोय मी," ल्युबेन म्हणाला. "तेही या खाजकुइलीबाईंच्या हट्टापायी!"

'खाजकुइली' हे दाफिंकाचं ऑनलाइन ज्ञानकोशावरचं नाव. ल्युबेनचं नाव 'टर्बाइन'. जिल्ह्याचा जुना पक्षप्रमुख राडोय मिंचेव याच्या चरित्राचं पान दोघं वर्षानुवर्षं संपादत होते, म्हणजे एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने खोडायचं. खोडताना टर्बाइनचं ठरलेलं वाक्य असे: 'पुन्हा हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.' शेवटी ज्ञानकोशाची देखरेख करणारे प्रचालक या नात्याने डॉक्टरांनी पानाला कुलूप ठोकलं आणि दोघांना समोरासमोर बसवलं, मिंचेवने धरण बांधलं त्याच गावातल्या कॅफेत. या कामाचा पगार तिघांपैकी कुणालाच नव्हता. रक्तदाब मात्र तिघांनाही होता.

टेबलाखाली दाफिंकाचा पाय सारखा हलत होता.

"धरणाचा बोगदा कोसळला तो उद्घाटनानंतर, दुरुस्तीच्या कामात." ल्युबेनने धरणाच्या जाडजूड गौरवग्रंथावर बोट आपटलं. "हे छापलेलं आहे. तुम्ही म्हणता आधीच कोसळला, मिंचेवनी घाई केली, माणसं गेली ते झाकलं आणि वर फीत कापली. कुठे छापलंय दाखवा ना! 'गावात म्हणतात', हा काय संदर्भ झाला?"

"नाही होत," डॉक्टर म्हणाले. "नियम आहे, दाफिंकाबाई."

नियम तिला पाठ होता. कितीतरी जणांच्या तोंडावर तिनेच तो मारला होता.

तिने मोबाइल टेबलावर सरकवला. "याच पुस्तकातलं चित्र आहे. फीत कापायच्या दिवशीच्या मिरवणुकीचं."

"ज्ञानकोशावर मीच चढवलंय ते!" ल्युबेन खुलला. "एकेक पान स्कॅन करत बसलो होतो. बायको म्हणाली, आता त्या यंत्राशीच संसार करा. बघा डॉक्टर, काय स्पष्ट आलंय!"

"फारच स्पष्ट आलंय," दाफिंका म्हणाली. "मोठं करा. मिंचेव नको, त्यांच्या मागचं दार."

ल्युबेनने दोन बोटांनी चित्र ताणलं. दारावर काळ्या चौकटीचा कागद होता, घरातलं माणूस गेलं की चिकटवतात तसा. नाव वाचता येत होतं, योर्दान ताशेव. खाली तारीख होती, सहा सप्टेंबर. फीत कापली होती नऊला.

"आता पुस्तकात मागे यादी आहे बघा. दुरुस्तीत गेलेल्यांची."

डॉक्टरांनी पानं उलटली. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "योर्दान ताशेव. मृत्यू ऑक्टोबरमध्ये."

ल्युबेनने चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा ते दार पाहिलं. मग चष्मा कपाळावर ढकलून खुर्चीत मागे टेकला.

"पताका लावणाऱ्यांनी कागद सगळीकडचे काढले होते," दाफिंका म्हणाली. "हे एक दार राहिलं."

"तुम्हाला काय माहीत?"

तिने मोबाइल परत आपल्याकडे ओढला. डॉक्टर खाकरले. "वाक्य घालण्याआधी मला दोघांना विचारावंच लागतं. मिंचेवशी किंवा या दुर्घटनेशी कुणाचं काही नातं? असेल त्याला पानाला हात लावता येत नाही."

"माझं काही नाही," ल्युबेन म्हणाला. "एकदा लांबून पाहिलेत त्यांना."

दाफिंकाने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. लग्न होऊन ती दूर रुसे शहरात गेली त्याला जमाना झाला होता, तिचं माहेरचं आडनाव इथे कुणाला ठाऊक नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर ती आधी ते पान बघत असे, मग चहा. ते आता या माणसाच्या आणि मिंचेवच्या भक्तांच्या हाती सोडावं लागणार होतं.

"ते दार आमचं आहे," ती म्हणाली. "कागद आईने चिकटवला. खळीचं भांडं मी धरलं होतं."

डॉक्टर चुळबुळले. "म्हणजे तुमचे..."

"वडील."

"मग तुम्हाला या पानावर यापुढे..."

"माहीत आहे. तुम्ही वाक्य लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं: 'उद्घाटनाच्या दिवशीच्या छायाचित्रात, बोगद्यात मृत्यू पावलेल्या एका कामगाराची मृत्यूसूचना दिसते; तीवर सहा सप्टेंबर ही तारीख आहे.' ना घाई, ना झाकाझाक. ल्युबेनने सवयीने एक स्वल्पविराम हलवला. पानाचं कुलूप निघालं.

कॉफी संपायच्या आत तिन्ही मोबाइल थरथरले. कुणीतरी वाक्य उडवलं होतं. कारण दिलं होतं, 'बदनामी.'

दाफिंकाचा अंगठा आपोआप बटणाकडे गेला. तिने तो मागे घेतला, मोबाइल पालथा घातला आणि वर तळहात दाबून धरला. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"मी प्रचालक पडलो," बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्री पेस्ट्रीचा, तुकडा तोंडात घोळवत ते कसंनुसं म्हणाले. "मला बाजू घेता येत नाही."

"गाढव लेकाचा!" ल्युबेन ओरडला. कोण गाढव ते कळेना. तो चष्मा शोधत टेबल चाचपू लागला.

"कपाळावर आहे," दाफिंका म्हणाली.

त्याने चष्मा खाली ओढला आणि एका बोटाने टाइप करायला घेतलं.

"काय करताय?"

"बोलू नका हो, चुकतं."

तिच्या तळहाताखाली मोबाइल पुन्हा थरथरला. तिने तो उलटा केला. वाक्य जागेवर आलं होतं, आणि शेजारी टर्बाइनने लिहिलं होतं: 'चित्र मी स्वतः चढवलंय. पुन्हा हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे.'