बंदुकीमागची जागा

योतामू चालतच राहिला.

वाटेत मोपानीच्या झाडाची फांदी पडली होती. मोडल्या जागी अजून ओल होती. म्हाताऱ्यानं पाय उंच उचलून ती ओलांडली, खांद्यावरची बंदूक हातात घेतली आणि तो झाडीच्या दिशेनं निघाला. त्याच्या मागं तियेसे. तिच्या मागं रान बघायला नॉर्वेहून आलेले नवराबायको, मग परीक्षा घ्यायला आलेल्या साकालाबाई, आणि सगळ्यात शेवटी चहाची किटली घेऊन मातेयो.

सहा हंगाम ती किटली तियेसेनंच वाहिली होती. लुआंग्वा नदीच्या काठी पाऊस ओसरला की गवताचा कॅम्प उभा राहतो, पाऊस पुन्हा आला की नदी तो पोटात घेते. झोपड्यांची जागा दर वर्षी बदलायची. तियेसेची तीच, रांगेच्या शेपटाला. तिला पुढं यायचं होतं, बंदुकीच्या मागं, वाटाड्याच्या जागी. आजची परीक्षा तिसरी. चौथी कुणाला देता येत नाही.

पहाटे किटली उचलताना मातेयो म्हणाला होता, "दुपारपर्यंतच धरतो हं. तिला तुझ्याच खांद्याची सवय आहे."

पुढं बंदूक असली तरी हुकूम वाटाड्याचा. त्यानं थांब म्हटलं की बंदूकवाल्यानं थांबायचं. पण कॅम्पला बंदूकवाला एकच होता, आणि तो तियेसेचा सासरा. सासऱ्याशी बोलायचं तर सुनेनं गुडघे टेकायचे, नजर जमिनीला लावायची, आवाज ओठांतच ठेवायचा. नाव घ्यायचं नाही. अंगाला हात लावायचा नाही. पहिल्या परीक्षेत रानरेडा दिसला. तिनं अदबीची टाळी वाजवायला ओंजळ जुळवली, तोवर योतामू आपणहून थांबला होता. दुसऱ्या वेळी सिंहीण. तियेसे "मामंजी" असं पुटपुटली तेव्हा तो आधीच उभा होता. दोन्ही वेळा साकालाबाईंनी वहीत एकच ओळ लिहिली: थांबवलं बंदूकवाल्यानं.

आज तो थांबत नव्हता.

तियेसेच्या मानेवरचा घाम एकाएकी गार झाला. वारा फिरला होता. पाठीमागून येत होता, माणसांचा वास उचलून झाडीत नेत होता. योतामूच्या कमरेला राखेची पुरचुंडी असे. दर पन्नास पावलांवर तो ती झटकायचा आणि राख कुठं उडते ते बघायचा. आज पुरचुंडी नुसती हिंदकळत होती.

झाडीत सुपाएवढा कान हलला. एकदाच.

वीस पावलं. पंधरा. म्हाताऱ्याला दिसत नाही, तियेसेच्या मनात आलं. माझ्या घरचा माणूस, आणि त्याला दिसत नाही.

तिनं हात लांब केला आणि सासऱ्याचा खांदा घट्ट धरला.

"योतामू, थांब. मागं फिर. नदीकडं."

तो जागच्या जागी थांबला आणि फिरला. रांग वाकत, पाय न वाजवता नदीच्या वाळूत उतरली. वरच्या काठावर हत्ती बाहेर आला. सोंड उंच करून त्यानं वाऱ्यात माणसं शोधली. ती सापडली नाहीत तेव्हा त्यानं दुसरी फांदी मोडली आणि खायला लागला.

चहा झाडाखाली झाला. साकालाबाईंनी योतामूला विचारलं, इतकी वर्षं रानात काढून एवढा हत्ती दिसला नाही? "वय झालं, बाई," तो पायांकडं बघत म्हणाला. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग वही फिरवून तियेसेपुढं धरली. खालची ओळ तिच्या नावाची होती: थांबवलं वाटाड्यानं.

मातेयोनं किटलीकडं बघून उसासा टाकला. "म्हणजे ही बया आता माझ्याच गळ्यात."

सगळे हसले. तियेसेला हसू आलं नाही. आपण पुढं आलो आणि म्हातारा मागं पडला. उद्या त्याची बंदूक काढून त्याला फाटकावर राखणीला बसवतील. ती वाळूत गुडघे टेकून बसली आणि नजर खाली ठेवून तिनं त्याला कप दिला. घेणारा हात तेवढा तिला दिसला. एरवी या वेळेपर्यंत त्याची बोटं राखेनं पांढरी झालेली असत. आज स्वच्छ होती. तिला ती ओली फांदी आठवली, आणि तिच्यावरून अलगद गेलेला पाय.

"मामंजी," ती हळूच म्हणाली, "हत्ती तुम्हाला दिसला होता?"

योतामूनं फुंकर घालून एक घोट घेतला.

"फांदीपाशीच कळला होता," तो म्हणाला. "पण आठ वर्षं घरात आहेस, पोरी. तुझा आवाज ऐकायचा राहिला होता."